गाऱ्हाण्याची मोजदाद
कर्मचाऱ्यांनी सर्वेक्षणात लिहिलेल्या चार ओळी वाचून त्यांत राग आहे की निराशा, हे ठरवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता ही गेल्या दहा वर्षांतली नवलाई मानली जाते. फ्लोरिडातील अल्टिमेट सॉफ्टवेअर ही पगार आणि मनुष्यबळाच्या कामांसाठी प्रणाली बनवणारी कंपनी होती. २०१६ साली तिने सॅन फ्रान्सिस्कोची कंजोया ही छोटी कंपनी विकत घेतली. कंजोयाकडे एक दुर्मीळ ठेवा होता. 'एक्स्पीरियन्स प्रोजेक्ट' या तिच्या संकेतस्थळावर असंख्य लोकांनी नाव न देता आपली सुखदुःखे लिहून ठेवली होती. त्या मजकुरातून माणसे मनातले कसे मांडतात हे यंत्राला शिकवले गेले, आणि पुढे तीच विद्या कर्मचाऱ्यांच्या अभिप्रायांना लावली गेली. पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांतही 'पल्स सर्व्हे', म्हणजे कर्मचाऱ्यांचे वरचेवर घेतले जाणारे छोटे सर्वेक्षण, हा शब्द आता परका राहिलेला नाही. तंत्र नवे आहे यात शंका नाही. पण त्याच्या मुळाशी असलेला निर्णय, म्हणजे कामगाराचे गाऱ्हाणे हे कामाविषयीचे विधान न मानता त्याच्या मनःस्थितीचे लक्षण मानायचे, हा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका कारखान्यात झाला. आजच्या यंत्राचे गुणदोष पारखायचे तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

तो कारखाना म्हणजे शिकागोला लागून असलेल्या सिसरो गावातला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या या कारखान्यात हजारो माणसे राबत. प्रकाश आणि विश्रांतीच्या वेळा बदलून उत्पादन वाढते का, याचे प्रयोग तिथे आधीच चालू होते. १९२८ साली व्यवस्थापनाने कामगारांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली आणि दोन-अडीच वर्षांत सुमारे २१,००० मुलाखती झाल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारले जात, पण माणसे प्रश्न बाजूला सारून भलत्याच विषयावर बोलू लागत. म्हणून १९२९मध्ये पद्धत बदलली: कामगाराला हवे ते बोलू द्यायचे, मध्ये उपदेश करायचा नाही, वाद घालायचा नाही. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. ऐकण्याची अशी शिस्त त्या काळच्या कारखानदारीत अपूर्व होती आणि तिचे श्रेय नाकारता येणार नाही. ज्याला फोरमनपुढे तोंड उघडायची सोय नव्हती, त्याचे बोलणे कुणीतरी दीड तास ऐकून टिपून घेत होते.

पण टिपलेल्याचा अर्थ कसा लावला गेला? हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी फ्रिट्झ रोथ्लिसबर्गर यांनी तक्रारीचे दोन थर कल्पिले: एक उघड आणि एक दडलेला. रोथ्लिसबर्गर आणि कंपनीचे अधिकारी विल्यम डिक्सन यांच्या १९३९ सालच्या ग्रंथात एक उदाहरण आहे. एका कामगाराची तक्रार होती की त्याच्या कामाचा नगावारी दर फार कमी आहे. बोलता बोलता कळले की त्याची बायको दवाखान्यात आहे आणि डॉक्टरांच्या बिलाची काळजी त्याला पोखरते आहे. निष्कर्ष असा की तक्रार दराविषयी नव्हतीच. माझ्या मते या विद्येची वाट इथेच चुकली. बायको आजारी असणे आणि दर कमी असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. किंबहुना दवाखान्याचे बिल समोर आल्यावरच तुटपुंजा दर माणसाला खऱ्या अर्थाने जाणवतो. दर वाजवी आहे की नाही हे पाहायला त्याच्या मनात शिरण्याची गरज नव्हती, दरपत्रक आणि बाजारभाव पुरेसे होते. नुसत्या बोलण्याने काहींना परिस्थिती सुधारल्यासारखी वाटली, प्रत्यक्षात काहीच बदललेले नसताना, हेही संशोधकांनी नोंदवले आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा शोध मोलाचा होता, कारण दिलासा देणे दर वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते.

पुढचा इतिहास या शोधाच्या दिशेनेच गेला. १९३६पासून हॉथॉर्नमध्ये समुपदेशक नेमले गेले आणि ती व्यवस्था १९५६पर्यंत चालली. त्यांनी ऐकायचे आणि ऐकलेले गुप्त ठेवायचे. काही बदलण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. याच काळात, १९३५च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकन कामगारांना संघटना करून मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क दिला होता. म्हणजे तक्रारीला दोन वाटा फुटल्या होत्या. एका वाटेवर ती मागणी होई आणि तिला उत्तर द्यावे लागे. दुसरीवर ती नोंद होई. सिअर्स, रोबक या बड्या दुकानसाखळीने १९३०च्या दशकाच्या अखेरीस कर्मचाऱ्यांच्या मतांची पद्धतशीर सर्वेक्षणे सुरू केली. असंतोष कुठे साठतो आहे हे संघटना पोचण्याआधी कळावे, हा त्यामागचा एक स्पष्ट हेतू होता, असे कामगार-इतिहासकार सॅनफर्ड जेकोबी यांनी दाखवून दिले आहे. रेन्सिस लिकर्ट यांची १९३२ची मोजपट्टी, म्हणजे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतचे पर्याय, या कामाला आयती उपयोगी पडली.

यावर एक आक्षेप रास्त आहे: अशा सर्वेक्षणांतून खरोखर काही चांगले निष्पन्नच झाले नाही का? झाले, आणि त्याचा दाखला सिअर्सचाच आहे. तिथले जेम्स वर्दी यांनी १९५०मध्ये लिहिले की फार मोठ्या, कामाचे बारीक बारीक तुकडे पाडलेल्या आणि अधिकाऱ्यांच्या अनेक पायऱ्या असलेल्या विभागांत मनोबल खालावलेले आढळते. हा निष्कर्ष कर्मचाऱ्यांच्या स्वभावाविषयी नव्हता, कंपनीच्या रचनेविषयी होता. वर्दींनी तीच आकडेवारी उलट बाजूने वाचली, म्हणून ती फळाला आली. दुसरा आक्षेप आजचा आहे: हजारो कर्मचाऱ्यांचे अभिप्राय कुणी माणूस वाचून काढूच शकत नाही, यंत्र निदान सगळे वाचते. पाळी, पगार, वरिष्ठ अशा विषयांनुसार मजकूर वेगळा काढण्यापुरते हे मला पूर्ण मान्य आहे. पण यंत्र तिथे थांबत नाही, ते वाक्याला भावनेचे नाव देते. मग वरच्या खोलीतल्या पडद्यावर 'पाळीची यादी आदल्या रात्री लागते' हे वाक्य दिसत नाही, 'नाराजी वाढली' एवढे दिसते. हॉथॉर्नचा मुलाखतकार चुकला तरी दवाखान्यातल्या बायकोपर्यंत पोचला होता. यंत्राने त्याचा निष्कर्ष काढण्याचा रिवाज तेवढा उचलला, दीड तास ऐकणे मागे सोडले.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे, पण अर्धीच. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यानुसार २ फेब्रुवारी २०२५पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, कामाच्या जागी माणसाच्या भावना ताडणाऱ्या प्रणालींना बंदी आहे. मात्र कायद्याच्या व्याख्येत चेहरा, आवाज अशा शारीरिक खुणांवरून काढलेली अनुमानेच येतात. कर्मचाऱ्याने स्वतः लिहिलेला मजकूर या बंदीबाहेर राहतो, आणि हॉथॉर्नपासून चालत आलेली परंपरा नेमकी अशाच शब्दांवर उभी आहे. कामगाराचे मूळ वाक्य, अर्थातच नाव झाकून, निर्णयाचा अधिकार असलेल्या माणसापुढे जसेच्या तसे ठेवावे आणि त्यावर काय केले हे त्याने लेखी कळवावे, असे बंधन ही बंदी घालत नाही. संघटनेच्या वाटेने गेलेल्या तक्रारीला असे उत्तर मागण्याची सोय तरी असते.