मेणपतंग-नियंत्रणाचा इतिहास

मधमाश्यांच्या पोळ्यांचा नाश करणाऱ्या कीटकांत मेणपतंग (मेणकिडा) प्रमुख आहे. मोठा (गॅलेरिया मेलोनेला) व लहान (एक्रोइया ग्रिसेला) अशा त्याच्या दोन जाती भारतात आढळतात. मादी रात्री पेटीच्या फटींत अंडी घालते. अळ्या पोळ्यात रेशमी बोगदे करून मेण, पराग व कोषांचे अवशेष खातात. त्यामुळे जुनी, काळसर पोळी प्रथम बळी पडतात.

या शत्रूचे उल्लेख ॲरिस्टॉटल व व्हर्जिल यांच्या ग्रंथांत आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पतंगरोधक’ म्हणून अनेक पेट्या निघाल्या. परंतु त्या निरुपयोगी ठरल्या. एल्. एल्. लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे एकस्व घेतले. या पेटीमुळे पोळे न मोडता तपासणे शक्य झाले. सबळ वसाहत स्वतःचे रक्षण करते. राणीविरहित किंवा दुर्बल वसाहतच पतंगास बळी पडते, हे त्यांनी प्रतिपादिले.

महाराष्ट्रात वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनास उत्तेजन दिले. १९४६ मध्ये महाबळेश्वर येथे या व्यवसायाचे शासकीय कार्य सुरू झाले व १९६२ मध्ये पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. येथील सातेरी माशी (एपिस सेराना) उपद्रव वाढताच पेटी सोडून जाते. सह्याद्रीतील अतिवृष्टीच्या काळात फुलोरा व माश्यांचे बाहेर जाणे कमी होऊन वसाहती क्षीण होतात. त्यामुळे एका पावसाळ्यातील दुर्लक्षाने पालकाची वर्षाची मिळकत बुडू शकते.

साठवणीतील पोळ्यांस पूर्वी गंधकाची धुरी देत. तिने अंडी मरत नसल्याने ती पुन्हा द्यावी लागे. पुढे पॅराडायक्लोरोबेंझिनासारखी रसायने आली. मात्र त्यांचे अंश मेणात व मधात उतरतात. पोळी उणे १५° से. तापमानात सुमारे २ तास गोठविल्यास सर्व अवस्था नष्ट होतात. बॅसिलस थुरिंजेन्सिस या सूक्ष्मजंतूचाही अळ्यांविरुद्ध उपयोग होतो.

साधने बदलली, तरी मुख्य उपाय जुनाच आहे : तळफळी स्वच्छ ठेवणे, फटी बुजविणे, रिकामी व जुनी पोळी काढून टाकणे, टंचाईत साखरेचा पाक देणे आणि दुर्बल वसाहती एकत्र करणे. पेटीत मेणपतंग वाढल्याचे दिसल्यास केवळ अळ्या मारून भागत नाही. वसाहत दुर्बल का झाली, हेही शोधावे लागते.