१४९ कवट्या आणि एक ‘नाही’

“ताई, रिझल्ट निगेटिव्ह आला तर पीएचडी मिळते का?”

आमच्या लॅबमध्ये नव्यानं आलेल्या एका मुलीनं मला हा प्रश्न विचारला. तिचं कोर्सवर्क नुकतंच संपलंय, विषय ठरतोय, आणि भीती सुरू झाली आहे. मी पटकन “हो, मिळते” म्हणाले, पण तिला ते पटलेलं दिसेना. मग चहा घेताना तिला एक जुनी गोष्ट सांगितली. संशोधनाकडे वळणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ती उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहिते आहे. गोष्ट आहे इरावती कर्वे यांच्या पीएचडीची.

इरावतीबाई आपल्याला ‘युगान्त’मुळे माहीत असतात. १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं ते पुस्तक घराघरात असतं. पण त्यांची डॉक्टरेट महाभारतावर नव्हती, ती होती माणसाच्या कवटीवर. आणि ती झाली बर्लिनमध्ये, अशा एका संस्थेत, जिथल्या प्रमुखाला काय उत्तर हवं आहे हे आधीच ठरलेलं होतं.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, तेव्हाच्या ब्रह्मदेशातला. शिक्षण पुण्यात, आधी हुजूरपागेत आणि मग फर्ग्युसन कॉलेजात. पुढे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्रात एमए केलं. ते १९२८ साली पूर्ण झालं आणि त्याच वर्षी त्या जर्मनीला निघाल्या. पती दिनकर धोंडो कर्वे रसायनशास्त्राचे, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. सासरे मात्र या बेताच्या विरोधात होते. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी सगळं आयुष्य घालवलं! घरचा विरोध हा फक्त आपल्याच नशिबी येतो असं वाटत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. पैशांचीही सोय करावी लागली. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांच्याकडून कर्ज घेतलं गेलं. फेलोशिप वेळेवर जमा होत नाही म्हणून वैतागणाऱ्यांनी हेही वाचून ठेवावं.

बर्लिनमध्ये त्यांचे गाइड होते ऑयगेन फिशर. मानवशास्त्र आणि आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी १९२७ साली स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे ते संचालक. त्या काळी युरोपात त्यांचं नाव मोठं होतं. १९०८ साली त्यांनी जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला होता आणि त्यावर १९१३ साली पुस्तक लिहिलं होतं. गोरा युरोपीय माणूस वंशानंच श्रेष्ठ आहे, ही त्यांची धारणा होती आणि ती शास्त्रीय भाषेत मांडली जात होती.

इरावतीबाईंना विषय मिळाला तो याच धारणेतून. फिशर यांची कल्पना साधारण अशी होती : गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, त्यात त्यांची तर्कबुद्धी असते, आणि त्याला जागा करून देण्यासाठी त्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या राहत नाहीत. इतर वंशांत हा फरक तसा दिसणार नाही. आता हे मोजून दाखवायचं होतं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. आज आपण सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन टाकतो आणि आकडे मिळतात. तेव्हा प्रत्येक कवटी हातात घेऊन, उपकरण लावून, डावीकडचं माप, उजवीकडचं माप असं करत जायचं. यातल्या काही कवट्या जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या होत्या. त्या माणसांना कोणी विचारून त्या आणल्या नव्हत्या. आपण ज्याला निर्विकारपणे ‘सॅम्पल’ म्हणतो, ते कुठून आलं हा प्रश्नही या गोष्टीत आहेच.

निकाल काय आला? कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात हे खरं निघालं. पण हा फरक सगळीकडेच सापडला. वंशाशी त्याचा काही संबंध दिसला नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी विषय दिला गेला होता, तीच गोष्ट आकड्यांत नव्हती.

क्षणभर तिथे स्वतःला ठेवून बघा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांची नाराजी. गाइडच संस्थेचा प्रमुख, आणि डिग्री त्याच्या हातात. आकडे थोडे इकडेतिकडे करायला किती वेळ लागतो? चार-पाच ‘विचित्र’ कवट्या वगळायच्या, गट वेगळ्या पद्धतीनं पाडायचे, दहा मापांपैकी जुळणारं एकच माप पुढे करायचं. आज याला आपण पी-हॅकिंग म्हणतो आणि त्यावर कार्यशाळा भरवतो. मोह मात्र तेव्हाही तोच होता.

इरावतीबाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. प्रबंधाच्या शीर्षकाचा अर्थ होतो ‘मानवी कवटीची सामान्य असममिती’. त्यातला ‘सामान्य’ हा शब्द मला फार आवडतो. हा फरक कोणा एका वंशाची खूण नाही, माणसाच्या कवटीची ती साधी रीतच आहे, हा सगळा निकाल त्या शब्दात मावतो. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. फिशर यांनी मात्र त्यांना सर्वात खालची श्रेणी दिली, असं ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी २०२४ साली आलेल्या ‘इरू’ या चरित्राच्या निमित्तानं सांगितलं आहे.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्यांची संस्था नाझींच्या वंशविषयक धोरणांना शास्त्राचा मुलामा देत राहिली. इरावतीबाई तोवर भारतात परतल्या होत्या. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या आणि तिथेच त्यांनी आयुष्यभराचं काम केलं. त्यांना कोणती श्रेणी मिळाली होती, हे मला चरित्राची चर्चा वाचेपर्यंत माहीतही नव्हतं.

पण ही गोष्ट ‘शूर विद्यार्थिनी आणि दुष्ट गाइड’ एवढी सरळ करू नका. भारतात आल्यावर इरावतीबाई तीच मोजमापाची पद्धत घेऊन निरनिराळ्या जाती-जमातींच्या लोकांची शरीरं मोजत राहिल्या. जातींचा अभ्यास अशा मापांनी करण्यावर आजचे अभ्यासक टीका करतात, आणि ती टीका योग्य आहे असं मला वाटतं. गाइडचं एक उत्तर नाकारता येतं, त्याचे प्रश्न आणि अवजारं मात्र नकळत आपल्याबरोबर येतात. हेही पीएचडीतच शिकायला मिळतं.

आता माझं थोडंसं. माझं काम ज्वारीवर आहे. पाणी कमी पडल्यावर दोन वाणांच्या मुळांत एका एन्झाइमचं प्रमाण वेगवेगळं वाढतं का, हा माझा एक प्रश्न होता. अडीच वर्षं, तीन हंगाम. दोन्ही वाणांत वाढ झाली, पण सारखीच. प्रगती अहवालाच्या बैठकीत समितीतल्या एकांनी विचारलं, “मग यात नवीन काय?” त्या रात्री मी एक्सेल उघडून बसले होते. दुसऱ्या हंगामातल्या सहा कुंड्या काढल्या की फरक ‘सिग्निफिकंट’ होत होता. त्या कुंड्यांत बिघाड काहीच नव्हता, फक्त त्या मला नको होत्या. तासाभरानं फाइल सेव्ह न करता बंद केली. दुसऱ्या दिवशी सगळे आकडे, त्या सहा कुंड्यांसकट, गाइडसमोर ठेवले. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “प्रकरण लिहून आण.” ते आता थिसिसचं चौथं प्रकरण आहे. ते वाचून कोणी टाळ्या वाजवणार नाही, पण व्हायवात त्यातल्या कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं तरी मला घाम फुटणार नाही.

म्हणून त्या मुलीला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. विषय ठरवताना गाइडला एक प्रश्न नक्की विचारा : “सर, उत्तर ‘नाही’ आलं तरी यातून थिसिस होईल ना?” होणार नसेल, तर प्रश्न बदला, तेव्हा ते सोपं असतं, चौथ्या वर्षी नसतं. कोणती मापं घ्यायची आणि काय कारणानं एखादं सॅम्पल वगळायचं, हे प्रयोगाआधीच तारीख घालून वहीत लिहा. उलटा निकाल दिसू लागला की लपवू नका, कच्च्या आकड्यांसकट लवकर दाखवा. आणि गाइड नाराज झाले तर आवाज चढवू नका, तक्ता पुढे करा.

चिकाटी, पैसे, घरच्यांची साथ हे सगळं पीएचडीला लागतंच. पण शेवटच्या टप्प्यावर सगळ्यात जड जातं ते आपल्याला नको असलेला आकडा स्वतःच्या हातानं तक्त्यात लिहिणं. इरावतीबाईंनी तो लिहिला, कमी मार्क घेतले, आणि घरी येऊन पुढच्या कामाला लागल्या.

ती मुलगी चहा संपवून म्हणाली, “म्हणजे मिळते.” मी म्हटलं, “मिळते. पण वही आजपासून नीट ठेव.”