फोनवर आलेली चिठ्ठी आणि नियंत्रित औषधे

इंदूरमधल्या आपल्या कितीतरी घरांत ज्येष्ठांचे डॉक्टर पुण्याला किंवा मुंबईला असतात. मुलाकडे चार महिने राहायला गेल्यावर तिथे उपचार सुरू होतात, मग माणूस परत येतो आणि पुढचे सगळे फोनवर चालते. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी मिळत राहते. गाडी अडते ती झोपेच्या गोळीपाशी. डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवलेली असते, खाली सही असते, नोंदणी क्रमांक असतो, आणि तरी मेडिकलवाला मान हलवतो. आमच्याच घरी हे दोनदा झाले. पहिल्यांदा आम्ही दुकानदाराशी चांगलेच भांडलो. पुढे नियम वाचले तेव्हा कळले की तो बरोबर होता.

फोनवरून सल्ला देण्याला आपल्याकडे पूर्ण मान्यता आहे. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या अगदी पहिल्या दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेला ती जोडलेली आहेत. नोंदणीकृत डॉक्टर भारतात कुठेही बसून भारतातल्या कुठल्याही रुग्णाला सल्ला देऊ शकतो, त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांनी इंदूरच्या आजींना तपासण्यात गैर काही नाही. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन रुग्णाला ई-मेलने वा मेसेजवर पाठवायलाही परवानगी आहे. चिठ्ठी परस्पर दुकानात पाठवायची असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते, आणि दुकान कोणते हे रुग्णाने ठरवायचे असते.

याच तत्त्वांनी औषधांचे गट पाडले आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी औषधे कुठल्याही प्रकारच्या सल्ल्यावर लिहिता येतात. हा ‘ओ’ गट. ‘ए’ गटातली औषधे पहिल्याच भेटीत लिहायची तर ती भेट व्हिडिओवर व्हावी लागते. ‘बी’ गट आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णासाठी आहे: त्याच आजारावर चालू औषधांत भर घालायची असेल तर. इथे फेरतपासणी म्हणजे प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच तक्रारीसाठी घेतलेला सल्ला. मुलाकडून परतून वर्ष झाले असेल तर कायद्याच्या हिशेबाने तुम्ही पुन्हा नवे रुग्ण.

चौथी यादी मनाईची, आणि आपला प्रश्न तिथेच आहे. औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मधले कोणतेही औषध आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येणारे कोणतेही गुंगीकारक किंवा मनोव्यापारांवर परिणाम करणारे औषध दूरस्थ सल्ल्यावर लिहिता येत नाही. व्हिडिओ असो, फोन असो, पहिली भेट असो की दहावी. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही रोजच्या ऐकण्यातली नावे या कायद्याखाली येतात. सांधेदुखीवर सर्रास दिले जाणारे ट्रामाडॉलही २०१८ पासून त्यात आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते. फीटच्या रुग्णांची औषधे टाळेबंदीत अडू नयेत म्हणून फिनोबार्बिटोन, क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम या तिघांना मात्र नंतर ‘ए’ गटात जागा मिळाली.

घोटाळा इथे होतो. आपण म्हणतो, ‘डॉक्टर खरे, सही खरी, मग चिठ्ठी खोटी कशी?’ चिठ्ठी खोटी नसतेच. ती कागदावर आहे की पडद्यावर, हा एक प्रश्न झाला. रुग्णाला समोर बसवून तपासले की नाही, हा दुसरा. नियंत्रित औषधांत दुसऱ्याचे उत्तर आधी द्यावे लागते. फोनवर तपासून लिहिलेली अल्प्राझोलामची चिठ्ठी सुरेख छापून पाठवली तरी ती मनाईतच बसते, आणि ती लिहिणारा डॉक्टरही अडचणीत येतो.

आता कागदाची गोष्ट. औषध नियम १९४५ चे. त्यातल्या ६५ व्या नियमानुसार चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर सही आणि तारीख हवी, रुग्णाचे नाव-पत्ता हवा, औषध एकूण किती आणि मात्रा काय हे लिहिलेले हवे. डॉक्टरांनी पुन्हा द्या असे लिहिले नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच मिळते. औषध दिल्यावर दुकानदाराने आपले नाव, पत्ता आणि तारीख त्याच चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, नोंदवायची असते. दुकानाचा शिक्का मारून कागद परत देतात तो यासाठी. फोनमधल्या फोटोवर शिक्का कुठे मारणार? तोच फोटो राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत दहा दुकानांत दाखवता येतो. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत दुकानदाराला नेमकी हीच भीती असते, आणि ती अनाठायी नाही.

काही औषधांना याहून कडक पहारा आहे. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झाले. त्यात ४६ औषधे घातली गेली: काही प्रतिजैविके, क्षयाची औषधे आणि वरच्या यादीतल्या बऱ्याच झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या. ही विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. तेव्हा दुकानदाराने नाव विचारले तर तो चौकशीखोर आहे असे समजू नये. एच-१ मधली प्रतिजैविके एनडीपीएसमध्ये येत नाहीत, म्हणून ती फोनच्या सल्ल्यावर लिहिता येतात. वहीतली नोंद मात्र टळत नाही. ‘शेड्यूल एक्स’ची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते. काही मुलांच्या चंचलतेवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट या गटातले, आणि ते ठेवायला दुकानाकडे वेगळा परवाना लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानात ते न मिळण्याचे कारण बहुधा एवढेच असते. वेष्टनावरची खूण पाहिली तरी अंदाज येतो: एनडीपीएसच्या औषधावर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’, शेड्यूल एक्सवर ‘एक्सआरएक्स’.

अमेरिकेत मुले असलेले सभासद म्हणतात, तिकडे तर डॉक्टर बटण दाबतात आणि गोळी दुकानात तयार असते. खरे आहे, पण त्या बटणामागे बरेच काही आहे. तिथल्या अंमली औषध नियंत्रण विभागाने, म्हणजे डीईएने, २०१० मध्ये त्यासाठी नियम केले. डॉक्टरची ओळख आधी पडताळली जाते आणि प्रत्येक नियंत्रित चिठ्ठीवर सही करताना दोन पुरावे द्यावे लागतात: पासवर्ड, हातातले यंत्र, बोटाचा ठसा यांपैकी कोणतेही दोन. चिठ्ठी प्रमाणित संगणकप्रणालीतून थेट दुकानाच्या प्रणालीत जाते, रुग्णाच्या फोनमध्ये फोटो म्हणून येतच नाही. न्यूयॉर्क राज्याने तर २०१६ पासून इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीच सक्तीची केली, कारण कोऱ्या चिठ्ठ्या चोरीला जात आणि आकडे खोडून वाढवले जात. आपल्याकडचा व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि तिकडची ही चिठ्ठी यांना एकाच नावाने ओळखले, तरी वस्तू वेगळ्या आहेत. आणि मुलाच्या ओळखीच्या तिकडच्या डॉक्टरांनी पाठवलेली चिठ्ठी इथे चालत नाही. आपली तत्त्वे भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत.

कर्करोगाच्या वेदनेवरच्या मॉर्फिनबद्दल थोडे वेगळे. २०१४ साली एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे अत्यावश्यक ठरवली गेली. त्याआधी राज्याराज्यांचे अनेक परवाने गोळा करावे लागत. आता ती मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत मिळतात. घरात असा रुग्ण असेल तर दुकाने पालथी घालण्याऐवजी उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात विचारावे.

व्यवहारात आम्ही आता असे करतो. गोळ्या संपायच्या दोन-तीन आठवडे आधी इथल्याच डॉक्टरांकडे पुण्याचे कागद घेऊन प्रत्यक्ष जातो आणि नवी चिठ्ठी घेतो. मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवता येतात. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिले तर ३०० पर्यंत. तेव्हा वारंवार खेपा नको असतील तर दिवस आणि एकूण गोळ्या अंकांत लिहून मागाव्यात. घरपोच मागवण्याच्या भरवशावर राहू नये, कारण २०२० मध्ये घरपोच विक्रीला दिलेल्या परवानगीतून एनडीपीएसची औषधे वगळली होती.

आणि गोळी मिळाली नाही म्हणून ‘राहू दे, सोडूनच देऊ’ असे करू नये. बरेच दिवस घेतलेली अल्प्राझोलामसारखी गोळी एकदम थांबवली तर घाम, थरथर, भ्रम, कधी फीटही येऊ शकते. शनिवारी संध्याकाळी गोळ्या संपल्या आणि ओळखीचा दवाखाना बंद असेल, तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जुने कागद आणि रिकामे पाकीट घेऊन जावे. तिथला डॉक्टर समोर तपासून दोन दिवसांपुरते लिहून देऊ शकतो.