बार्शीची साथ आणि वांझ नर डास

१९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली. गावातले साडेसदतीस टक्के लोक आजारी पडल्याची नोंद आहे, म्हणजे घरटी एक-दोन माणसं सांधे धरून बसलेली. कलकत्ता १९६३, मद्रास १९६४, नागपूर १९६५ अशी मोठी शहरं घेत आलेला हा आजार सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात येऊन थांबला. पुढे २००५ पर्यंत देशात त्याची मोठी साथ आली नाही. योगायोग असा, की बार्शी कण्हत होती त्याच सुमारास दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचं एक संयुक्त पथक हाच आजार पसरवणाऱ्या, म्हणजे एडीस इजिप्ती डासाच्या नरांना वांझ करून सोडण्याची तयारी करत होतं. नर चावत नाही, झाडांचा गोड रस पिऊन जगतो. वांझ नराशी जुगलेल्या मादीची अंडी फुकट जातात. असे नर पुरेसे सोडत राहिलं तर डासांची पुढची पिढी आटते. हे तंत्र त्या काळी जिथे आजमावलं गेलं ती जागा चुकली, आणि ते शोभलं असतं बार्शीसारख्या गावालाच, असं माझं म्हणणं आहे.

या पथकाचं सुरुवातीचं काम क्यूलेक्सवर, म्हणजे हत्तीरोगाच्या डासावर होतं. दिल्लीभोवतालच्या खेड्यांत वांझ नर सोडले, पण शेजारच्या शिवारातून आधीच जुगलेल्या माद्या उडत आल्या आणि सगळा हिशेब बिघडला. क्यूलेक्स गटारीत वाढतो आणि लांबवर उडतो. एडीसचं तसं नाही. तो घरातला डास आहे. जन्मला त्या घरापासून शे-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. बार्शीची वस्ती दाट आणि भोवती ज्वारीची कोरडी रानं, म्हणजे बाहेरून एडीस येण्याची वाट जवळजवळ बंद. मोटारीतून, टायरांतून काही येतील, पण ते थोडे. शिवाय इथे तो का वाढतो हेही उघड आहे. मादी अंडी पाण्यात घालत नाही. रांजणाच्या किंवा पिंपाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, काळ्या ठिपक्यांसारखी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. १९७२ च्या दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जिल्ह्यात साठवलेलं पाणी ओतून द्यायला कोण धजणार? जुन्यातच नवं ओतायचं, ही रीत. साथीशी या रीतीचा संबंध असावा हा माझा तर्क आहे, पण डासाची चाल पाहता तो दूरचा नाही.

कुणी म्हणेल, मग नळच नीट करा, डासाच्या जनुकांत कशाला हात घालता? म्हणणं बरोबर आहे. पण जिल्ह्यातलं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि तरीही सोलापूर शहराला चार-पाच दिवसांआड पाणी मिळण्याची सवय लागली. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. दर पाळीला पिंप उपसून कडा घासली तर साखळी तुटते, पण तेवढं पाणी वाया घालवण्याची ऐपत टंचाईच्या घरात नसते. नळ सुधारेपर्यंतचा काळ फार लांबतो, आणि तेवढ्या काळासाठी दुसरा उपाय हाताशी असणं गैर नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा. १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून प्रश्न उठले: पैसा अमेरिकेचा, मग हा याच डासातून पसरणाऱ्या पीतज्वराच्या जैविक युद्धाचा सराव तर नव्हे? संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये ताशेरे ओढले, दिल्लीजवळच्या सोनिपतला एडीस सोडण्याचा बेत रद्द झाला आणि पथक गुंडाळलं गेलं. युद्धाचा आरोप सिद्ध झाला असं मला दिसत नाही. पण गावाला न विचारता गावात प्राणी सोडायचा, ही चूक मात्र खरीच होती, आणि ती शास्त्राची नव्हे, वागण्याची.

अनुवंशशास्त्र बार्शीच्या कामी आलं ते वेगळ्याच वाटेने. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने १९७३ चा बार्शीचा विषाणू आणि २००६ चा विषाणू ताडून पाहिले, तेव्हा जुना आशियाई घराण्याचा आणि नवा आफ्रिकी घराण्याचा निघाला. आफ्रिकी घराणं २००० सालीच पुणे जिल्ह्यातल्या यवत इथे डासांत सापडलं होतं. जुना विषाणू परतला नव्हता; दुसरंच घराणं आलं होतं. डास मात्र तोच, आणि पिंपही तेच.

जालना जिल्ह्यात दावलवाडीला २०१७ च्या जानेवारीत, पिल्लं वाढीतच मरतील असं जनुक घातलेल्या एडीस नरांची चाचणी सुरू झाली, तीही जाळीच्या पिंजऱ्यांत. महाराष्ट्रात असे डास मोकळ्यावर सोडायचं कधी ठरलंच, तर बार्शीचा विचार आधी व्हावा. त्यासाठीची पहिली बैठक दिल्लीत नव्हे, बार्शी नगरपालिकेच्या सभागृहात, मराठीत आणि दारं उघडी ठेवून घ्यावी.