हात जमिनीवर, शत्रू हवेत

या मालिकेत आपण लढाया, सेनापती आणि शस्त्रं यांच्याबद्दल बोलतो. आजचं शस्त्र म्हणजे एका गोरिलाचा तळहात, आणि रणांगण आहे व्हिडिओ गेमचं. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

सुरुवात माझ्या घरातून करतो. मुलाची बदली झाली म्हणून नववीतला नातू वर्षभरासाठी आमच्याकडे महूला आला. सहामाहीत तो गणितात नापास झाला. त्या रात्री जेवताना मी टेबलावर हात आपटला, वाट्या उडाल्या. त्याचं गेमचं यंत्र मी कपाटात कुलूपबंद केलं. युनिटमध्ये माझा हात टेबलावर पडला की खोली शांत व्हायची. इथंही झाली. पण ती तीन आठवडे शांतच राहिली. पोरगा 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलेना. शेवटी एका रविवारी मी कपाट उघडलं आणि म्हणालो, "मला शिकव."

गेमचं नाव सुपर स्मॅश ब्रदर्स. त्यानं मला डाँकी काँग निवडून दिला आणि म्हणाला, "आजोबा, हा तुमच्यासारखा आहे." याचा खास डाव म्हणजे हँड स्लॅप. दांडी खाली ओढून बटण दाबायचं. गोरिला जमिनीवर बसतो आणि दोन्ही तळहात आपटत राहतो. जमिनीतून लाट निघते आणि डावी-उजवीकडे उभे असलेले गडी वर उडतात.

हा डाव आला कुठून? आधी जंगलात जाऊ. जॉर्ज शॅलर हे नाव आपल्याला कान्हाच्या वाघांच्या अभ्यासामुळे माहीत आहे. त्याआधी, १९५९-६० मध्ये त्यांनी आफ्रिकेतल्या विरुंगा डोंगरांत गोरिलांचा अभ्यास केला. नर गोरिला छाती बडवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. शॅलर यांनी नोंदवलं, की तो एक क्रमच असतो आणि त्याची शेवटची पायरी म्हणजे तळहात जमिनीवर आपटणं. बहुतेक वेळा हे सगळं लढाई करण्यासाठी नसतं, टाळण्यासाठी असतं. समोरच्यानं मागं सरावं, एवढाच हेतू.

आता जपान, १९८१. शिगेरू मियामोतो यांचा 'डाँकी काँग' हा गेम निन्टेंडोनं बाजारात आणला. सुरुवातीलाच तो वानर बाईला घेऊन शिड्या चढतो, वर पोचल्यावर पाय आपटतो आणि सरळ असलेल्या लोखंडी तुळया वाकड्या होतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून याचं हत्यार जमीन हेच आहे. तो लढाईआधीच मैदान बदलून टाकतो.

हात आपटणं आलं १९९४ मध्ये, इंग्लंडच्या रेअर कंपनीनं केलेल्या 'डाँकी काँग कंट्री'मध्ये. तिथं मात्र त्याचं मुख्य काम मारणं नव्हतं. हात आपटला की जमिनीत दडलेली केळी आणि इतर चिजा बाहेर यायच्या. सोबतच्या छोट्या डिडीला ते जमत नसे. म्हणजे हा हात शोध घेणारा होता.

त्याचं शस्त्र झालं २१ जानेवारी १९९९ रोजी, जपानमध्ये पहिला स्मॅश आला तेव्हा. मासाहिरो साकुराई आणि सातोरू इवाता यांनी हॅल लॅबोरेटरीत तो घडवला. यातला नियम वेगळा आहे. इथं प्राणशक्ती शून्यावर आणायची नसते. मार खाल्ला की टक्के वाढतात, आणि टक्के जितके जास्त तितका माणूस लांब फेकला जातो. मैदानाबाहेर गेला की बाद. चौघे एकत्र खेळत असतील आणि सगळे जमिनीवर गर्दी करून असतील, तर हँड स्लॅप म्हणजे तोफखानाच.

पण या तोफखान्यात दोन खोटी आहेत. पहिली, मारणारा बसलेला असतो, जागचा हलू शकत नाही. दुसरी, जमिनीतली लाट जमिनीवर असलेल्यालाच लागते. ज्यानं उडी मारली तो सुटला. इतकंच नाही, तो वरून तुमच्याच डोक्यावर येतो. २०१४ च्या आवृत्तीपासून हा डाव हवेतही वापरता येऊ लागला, पण जमिनीवरची ही खोट तशीच राहिली.

लष्करी इतिहास वाचणाऱ्याला इथं सोम आठवावं. १९१६ मध्ये ब्रिटिशांनी हल्ल्याआधी सात दिवस जर्मन खंदकांवर मारा केला, सुमारे १५ लाख गोळे डागले. जमीन नांगरून निघाली. पण जर्मन सैनिक खोल भुयारांत बसून होते. १ जुलैला मारा पुढं सरकताच ते मशिनगन घेऊन वर आले. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७ हजारांहून जास्त सैनिक मारले गेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. तिथं शत्रू खाली गेला, इथं वर जातो. दोन्हीकडे धडा एकच: जमीन हादरली म्हणजे शत्रू हादरला असं नाही.

हे मी आयुष्यभर अधिकाऱ्यांना शिकवलं. आणि त्या रविवारी काय करत होतो? बटण दाबून दाबून जमीन बडवत होतो. नातू उड्या मारत होता. सलग सहा डाव हरल्यावर तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही खालीच बघताय. मी तिथं नाहीये."

मी दांडी खाली ठेवली आणि विचारलं, "मग तू कुठं आहेस?"

थोडा वेळ तो गप्प बसला. मग उठून बीजगणिताची वही घेऊन आला. बापाच्या बदल्यांत चार वर्षांत तीन शाळा झाल्या होत्या. एका शाळेत धडा व्हायचा होता, दुसरीत तो आधीच होऊन गेला होता. अवयव पाडणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सांगायची लाज वाटत होती. माझ्या मुलाच्या शाळाही अशाच बदलल्या होत्या, माझ्या बदल्यांमुळे. तेव्हा मी विचारलं नव्हतं.

२०२५ मध्ये 'डाँकी काँग बनान्झा' आला. त्यात हा गोरिला डोंगरच्या डोंगर फोडतो, पण हँड स्लॅपचं काम पुन्हा १९९४ चंच आहे. हात आपटला की आसपास पुरलेलं काय आहे ते दिसतं. तीस वर्षांनी तो हात परत शोधायला लागला. मलाही साधारण तेवढाच वेळ लागला.

आता रोज संध्याकाळी आधी अवयव, मग दोन डाव. दोन्हींत मी अजून कच्चा आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.