धोंडे, तारे आणि पीएचडी

खगोलशास्त्रात पीएचडी करणारी मुले-मुली शनिवार-रविवार आला की धोंड्यांवर चढायला जातात, हे ऐकून आमच्या पिढीच्या कपाळावर हमखास आठी उमटते. शिष्यवृत्ती मिळवून सातासमुद्रापार गेले ते काय दगडांना मिठ्या मारायला? नातेवाइकांच्या गप्पांत हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा निघतो. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे असा प्रश्न आला की उत्तर देण्याआधी मागे वळून बघायची खोड आहे. मागे वळून पाहिले तर या 'दगडांच्या नादा'चा इतिहास विद्यापीठाच्या आवारातूनच गेलेला दिसतो.

आधी बोल्डरिंग म्हणजे काय ते सांगतो. दहा-पंधरा फुटांचा, फार तर थोडा अधिक उंच असा सुटा धोंडा घ्यायचा आणि दोर न लावता, बोटांच्या आणि पावलांच्या बळावर, अवघड बाजूनेच तो चढायचा. मागच्या बाजूने सहज वर जाता येत असले तरी तिकडे बघायचे नाही! अशा प्रत्येक वाटेला चढणारे 'प्रॉब्लेम' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत गणित. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात वालुकाश्माचे असे धोंडे भरपूर आहेत. तिथे मंडळी फार पूर्वीपासून चढत आली आहेत, पण सुरुवातीला तो आल्प्सच्या मोठ्या चढाईचा सराव समजला जाई. तालमीत जोर-बैठका काढाव्यात तसे. खरी कुस्ती पुढे, पहाडावर.

धोंडा हीच कुस्ती, असे ठामपणे मांडणारा माणूस म्हणजे अमेरिकेतला जॉन गिल. जन्म १९३७ चा. शाळकरी वयात त्याने चढायला सुरुवात केली, कॉलेजात जिम्नॅस्टिक्स शिकला आणि तिथली हाताला लावायची पांढरी पूड धोंड्यांवर घेऊन गेला. (इंग्रजीत तिलाही चॉकच म्हणतात, पण आमच्या फळ्यावरच्या खडूशी तिचे नाव सोडले तर नाते नाही. ती मॅग्नेशियम कार्बोनेटची असते.) गणिताची पदवी घेतल्यावर हवाई दलात असताना त्याने शिकागो विद्यापीठात हवामानशास्त्राचा अभ्यास केला. १९६१ मध्ये साउथ डकोटातल्या नीडल्स भागातला 'थिंबल' नावाचा सुमारे तीस फुटी सुळका तो दोराशिवाय चढला. खाली गाड्या थांबवण्याच्या जागेचे लाकडी कठडे होते. आज असतात तशा जाड गाद्या तेव्हा नव्हत्या. पडला असता तर काय झाले असते, याचा विचार मास्तर म्हणून मला नकोसा वाटतो.

पण मला त्या सुळक्यापेक्षा पुढची चार वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. १९६७ ते १९७१ या काळात गिल कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात गणितात पीएचडी करत होता. विषय सतत अपूर्णांकांचा, म्हणजे मुळात किचकट. गावाबाहेर हॉर्सटूथ जलाशयाच्या काठी वालुकाश्माचे धोंडे आहेत. मोहीम नको, महिनाभराची रजा नको, शेर्पा नकोत आणि खर्च जवळजवळ शून्य. तिथल्या 'पिंच ओव्हरहँग', 'लेफ्ट एलिमिनेटर' या त्याच्या चढाया आजही नाव राखून आहेत. आणि याच काळात, १९६९ मध्ये, अमेरिकन अल्पाइन जर्नलमध्ये त्याचा बोल्डरिंगच्या कलेवरचा लेख आला. आधुनिक बोल्डरिंगचा हा पायाभूत लेख! तो लिहिणारा माणूस तेव्हा प्रबंध पुरा व्हायची वाट पाहणारा विद्यार्थी होता.

म्हणजे 'अभ्यास सांभाळून छंद' असे जे आपण म्हणतो, ते इथे थोडे उलटेच झाले आहे. हा खेळ ज्या मापाचा आहे ते मापच विद्यार्थ्याच्या दिवसात बसणारे आहे. हिमालय तसा बसत नाही. गिलने अवघडपणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या होत्या. त्यातली सर्वांत वरची बी-३. ती फक्त एकदाच चढल्या गेलेल्या वाटेसाठी राखलेली. दुसऱ्या कुणी ती वाट चढली की ती आपोआप बी-२ वर उतरायची. संशोधनाची सवय असलेल्याच माणसाला हे सुचावे! प्रबंधातला सिद्धांतही कुणीतरी आधी मांडला असेल तर नवा राहत नाही.

आता खगोलशास्त्राकडे येऊ, कारण तिथे या खेळाची गरज वेगळी आहे. लायमन स्पिट्झर हे नाव अनेकांनी अवकाश दुर्बिणीच्या निमित्ताने ऐकले असेल. १९३८ मध्ये प्रिन्स्टनला पीएचडी केलेल्या या माणसाने १९४६ मध्ये, माणसाने एकही उपग्रह सोडलेला नसताना, पृथ्वीबाहेर दुर्बीण का हवी यावर अहवाल लिहिला. हबल दुर्बीण आकाशात गेली १९९० मध्ये. बत्तिसाव्या वर्षी लिहिलेली गोष्ट पंचाहत्तराव्या वर्षी डोळ्यांनी पाहायची. ज्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळायला चव्वेचाळीस वर्षे लागतात, त्यांना संध्याकाळपर्यंत निकाल लागणारे एखादे गणित हवेसे वाटले तर नवल काय?

स्पिट्झर धोंड्यांपेक्षा पहाडातले गिर्यारोहक होते. १९५१ मध्ये तारकांची ऊर्जा पृथ्वीवर कशी आणावी याची यंत्ररचना त्यांना आस्पेनला स्कीइंगच्या सुट्टीत सुचली आणि त्या प्रकल्पाला नाव मिळाले मॅटरहॉर्न! १९६१ मध्ये त्या प्रयोगशाळेचे संचालकपद त्यांनी सोडले. डोंगर मात्र सुटले नाहीत. १९६५ मध्ये डोनाल्ड मॉर्टन या प्रिन्स्टनमध्येच पीएचडी झालेल्या तरुण सहकाऱ्याबरोबर ते कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट थॉरच्या माथ्यावर पोचले. त्या शिखरावरची ती पहिली चढाई. (जगप्रसिद्ध, बाहेरच्या बाजूला कललेल्या सव्वा किलोमीटर उंच भिंतीवरून नव्हे, हेही सांगायला हवे.) स्पिट्झर तेव्हा एकावन्न वर्षांचे होते.

गंमत पुढेच आहे. त्याच १९६५ साली या दोघांनी रॉकेटमधून वृश्चिक राशीतल्या दोन ताऱ्यांचे अतिनील वर्णपट मिळवले. डेल्टा आणि पाय ही त्या ताऱ्यांची ग्रीक नावे. आपल्याकडे हे दोन्ही तारे अनुराधा नक्षत्रातले. एकाच वर्षात थॉर आणि अनुराधा!

आपल्या नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल हेही डोंगरवेडे. स्कॉटलंडमधली तीन हजार फुटांवरची सगळी शिखरे त्यांनी १९७१ पर्यंत पायाखाली घातली. स्वतः हॉइल यांनी पीएचडी घेतलीच नाही. पदवी घेतली की विद्यार्थीपण संपून आयकर लागू होतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. असो.

एवढ्यावरून घरच्या मुलांनी लगेच मला साक्षीदार म्हणून उभे करू नये. इतिहासात यशस्वी माणसांचीच नावे टिकतात. मी वर दिलेली सगळी नावे तशीच आहेत. दगडापायी ज्यांचा प्रबंध अर्धवट राहिला किंवा बोटाची शीर कायमची दुखावली, त्यांच्यावर कुणी लेख लिहिला नाही आणि ते किती होते हे कुणी मोजले नाही. शिवाय धोंड्यालाही कोरडी हवा लागते आणि दुर्बिणीलाही निरभ्र आकाश लागते. म्हणजे ज्या दिवशी दगड बोलावतो, नेमक्या त्याच रात्री दुर्बिणीची पाळी असू शकते. तेव्हा काय सोडायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. पाळी मिळायला महिनोन् महिने थांबावे लागते. दगड कुठे जात नाही.

गिलने तर शिकवणेही सोडले नाही. पीएचडीनंतर कोलोरॅडोतच पुएब्लो इथे तो २००० सालापर्यंत गणित शिकवत राहिला. धोंडे तिथेही होते.