वेष्टनाचे मोल

दिवाळी जवळ आली की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर आणि तुळशीबागेत पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. अलीकडे तेथे भेटवस्तूबरोबर ती झाकण्याचा चकचकीत कागदही विकत घेतला जातो. भाऊबिजेस तो क्षणार्धात फाटतो आणि दुसऱ्या दिवशी केरात जातो. झाकलेली वस्तू उघडण्यात मौज आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आपल्या वाडवडिलांनी या वेष्टनाची कोणती व्यवस्था लावली होती, हे पाहण्यासारखे आहे.

त्याची साक्ष आपली भाषाच देते. वाङ्निश्चयाच्या समारंभास आपण ‘साखरपुडा’ म्हणतो. म्हणजे साखरेबरोबर तिच्या पुड्यासही त्या मंगलकार्यात मान मिळाला. लग्नाची कापडखरेदी म्हणजे ‘बस्ता बांधणे’. बस्ता म्हणजे बांधलेले गाठोडे. राजेरजवाड्यांची पत्रे किनखाबाच्या थैलीतून जात. त्या थैलीचे नाव खलिता. पुढे पत्रासच खलिता म्हणू लागले. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिले. ते कागद ज्या चौकोनी फडक्यांत बांधलेले होते त्यांस रुमाल म्हणत, आणि दफ्तराची मोजदादही रुमालांतच होई. आतील वस्तूस बाहेरच्या वेष्टनाचे नाव मिळावे, एवढी त्या वेष्टनाची प्रतिष्ठा होती.

या प्रतिष्ठेचे कारण उघड आहे. वेष्टन हे भेटीचाच भाग असे आणि भेटीनंतरही ते घरात नांदत असे. सुवासिनीची ओटी भरताना तिचा पदर हेच वेष्टन. संक्रांतीच्या वाणात सुगड हे पात्रही देण्यात येई. फराळाचा डबा शेजारी गेला तर तो रिकामा परत येत नसे. निदान चिमूटभर साखर घालून तो परत करण्याची रीत होती. जुन्या लुगड्याचे फडके होई, फडक्याची गोधडीत भर पडे. सुदाम्यानेही पोहे फडक्यातच बांधून नेले होते, आणि भागवतकारास ते फडके सांगण्याजोगे वाटले.

ही सारी काटकसर केवळ सद्गुणातून आली, असे म्हणून आम्ही पूर्वजांची खोटी स्तुती करू इच्छीत नाही. कापड महाग होते. कागदही सुलभ नव्हता. चिंध्यांचाही उपयोग होई, कारण हातकागद त्यांच्यापासूनच बनत असे. पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने तीच विद्या पुढे चालविली. गरजेने शिकविलेली गोष्ट सुबत्तेतही उपयोगी पडू शकते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नक्षीदार कागदाची चाल पाश्चात्त्यांतही फार जुनी नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे १९१७ च्या नाताळात हॉल बंधूंच्या दुकानातील साधा पातळ कागद संपला. तेव्हा लिफाफ्यांच्या अस्तराचा फ्रेंच कागद त्यांनी विकावयास ठेविला, आणि तो हातोहात खपला. टंचाईतून निघालेली युक्ती पुढे रूढी झाली. उलट जपानात भेट चौकोनी कापडात बांधण्याची ‘फुरोशिकी’ ही रीत जुनी असून, २००६ साली तेथील पर्यावरणमंत्र्यांनीच तिचा पुरस्कार केला.

आपल्याकडे हा प्रश्न शोभेपुरता नाही. आपला केर ज्यांच्या हातांतून जातो त्या कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना पुण्यात १९९३ साली उभी राहिली. वर्तमानपत्राच्या रद्दीस मोल येते, त्यावर त्यांची चूल पेटते. प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या चकचकीत कागदास मात्र रद्दीतही कोणी विचारीत नाही. दिवाळीनंतरच्या ढिगाऱ्यातून तो वेगळा काढण्याचे श्रम तेवढे त्यांच्या वाट्यास येतात.

म्हणून येत्या भाऊबिजेस बहिणीची भेट खणात बांधावी; खणाची पुढे चोळी होईल. भाच्यांची पुस्तके शिंप्याकडील उरल्या कापडाच्या पिशवीत घालावी. ती पिशवी शाळेत जाईल. मिठाई झाकणाच्या डब्यात पाठवावी, आणि तो डबा परत येईल तेव्हा त्यात काय आहे, हे उघडून पाहण्याची मौज आपणही घ्यावी.